पाणीच नव्हतं, तर गोठलं काय?

मोटारघराचं दार उघडलं तेव्हा हेस्टरबाईंना आधी दिसला तो फरशीवरचा लाल ओघळ. क्षणभर त्यांना वाटलं, एखादं जनावर आत शिरून मेलं असावं. सगळं आयुष्य गुराढोरांच्या डॉक्टरकीत गेलेलं, रक्ताचं त्यांना काही वाटत नसे. पण ओघळ ऑगस्टाच्या पोटाखालून निघाला होता.

ऑगस्टा ही त्यांची मोटार. १९२९ सालची कॉर्बिन, उघड्या टपाची. हेस्टरबाईंच्या नवऱ्याने ती भंगारातून उचलून आणली आणि दोघांनी मिळून उभी केली. नवरा गेला, ऑगस्टा राहिली. अशा कॉर्बिन आता साऱ्या इंग्लंडात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन करून बाई आदल्याच दिवशी घरी आल्या होत्या. दोन काठ्यांवर तोल सावरत त्या भाच्याला म्हणाल्या, "रोली, बॉनेट उघड."

इंजिनाच्या डाव्या अंगाला, बिडाच्या ब्लॉकवर, वीतभर लांब चीर गेली होती.

दुसऱ्या दिवशी मार्गो टिल्सली थॉर्नबॅच गावी पोचली ती आधीच वैतागलेली. विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासणं हे तिचं काम, आणि त्या हिवाळ्यात श्रॉपशरमधल्या निम्म्या गाड्यांनी जणू तिच्याविरुद्ध कट केला होता. थंडीच तशी पडली होती. गाईंच्या पिण्याच्या टाक्या तळापर्यंत गोठल्या होत्या. इंजिनात नुसतं पाणी किंवा पातळ अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं औषध, ठेवणाऱ्यांना त्याचा दणका बसला होता. पाण्याचा बर्फ झाला की फुगतो, आणि बीड काही फुगत नाही, ते फुटतं. अशी फुटकी इंजिनं पाहून पाहून मार्गोचे डोळे आंबले होते. तिला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे.

मोटारघरात पाऊल टाकताच तिचं डोकं फिरलं. फरशी लख्ख पुसलेली, वर भुसा पसरलेला. रेडिएटर रिकामा.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं.

"मी केलं," मागून एक प्रसन्न आवाज आला. "म्हटलं, तुम्हाला घाणीत उभं राहावं लागू नये."

तो जाइल्स लॅकॉन होता. जुन्या मोटारींच्या स्थानिक क्लबाचा अध्यक्ष, साठीचा, निवृत्त भूमापक. हेस्टरबाईंचा शेजारी, फार जुना मित्र आणि स्वतःही एका हिरव्या कॉर्बिनचा मालक. फोन आल्याबरोबर धावत आला होता. काढलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कुठे आहे, असं मार्गोने विचारलं. ते त्याने डबाबंद करून कचरा डेपोत पोचवलं होतं. गोडसर असतं ते, मांजराने चाटलं तर जीव जाईल, म्हणाला. बोलता बोलता खाली वाकायला गेला आणि कण्हत कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पाठ धरली?"

"बाग खणत होतो परवा. वय झालं, दुसरं काय."

माणूस भला होता, आणि भल्या माणसांनी मार्गोच्या कामाचा जेवढा सत्यानाश केला होता तेवढा लबाडांनीही केला नव्हता. तिने दात आवळले, फोटो काढले आणि घरात चहाला गेली.

चहाबरोबर बियांचा केक होता. जाइल्सने तो स्वतः कापून सगळ्यांना दिला आणि हलक्या आवाजात मार्गोला समजावू लागला. यात हेस्टरची काही चूक नाही, तो म्हणाला. बिचारी दुखण्यात होती. अँटीफ्रीझ जुनं झालं, पातळ झालं, लक्षात राहिलं नाही. वयानुसार होतं असं. कंपनीने जरा सांभाळून घ्यावं.

"माझ्या लक्षात राहण्याचा प्रश्नच नाही," हेस्टरबाई म्हणाल्या. "तिच्यात पाणीच नव्हतं."

जाइल्सचा चमचा कपात थांबला.

"म्हणजे?" मार्गोने विचारलं.

हेस्टरबाई जरा ओशाळल्या. मग त्यांनी सांगून टाकलं. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी गावचा मेकॅनिक लेन डॅबॉर्न याच्याकडून ऑगस्टात बिनपाण्याचं कूलंट घालून घेतलं होतं. लाल, दाट, भयंकर महाग. ते उकळत नाही, गंजू देत नाही, आणि या देशातल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही. लेनने रेडिएटरच्या झाकणाला 'पाणी घालू नये' अशी चिठ्ठीही बांधली होती. ती बाईंनी स्वतःच कापून टाकली.

"का?"

"याच्यामुळे." त्यांनी काठीने जाइल्सकडे खूण केली. "क्लबात याने भाषण ठोकलं होतं. जुन्या गाडीला पाणीच हवं, बाकी सगळी बुवाबाजी. सगळे हसले, मीही हसले. आणि तेव्हा ती बुवाबाजी माझ्या गाडीत सहा महिने मुरत होती."

जाइल्स हसला नाही. "पाण्याशिवाय?" तो म्हणाला. "अजिबातच नाही?" मग बराच वेळ तो चहा ढवळत राहिला. अखेर कप ठेवून म्हणाला, "हेस्टर, मला सांगायला वाईट वाटतं. पण इंजिन तर फुटलंय. याचा अर्थ लेनने तुला फसवलं. पैसे लाल औषधाचे घेतले आणि घातलं रंगीत पाणी."

हेस्टरबाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की रात्रभर त्यांच्याही मनात हेच घोळत होतं.

मार्गो लेनच्या गॅरेजात पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. गावच ते. लेन डॅबॉर्न रिकाम्या लिफ्टखाली खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा, रुंद, तोंडाचा चंबू केलेला.

"तुम्ही ऑगस्टाचं कूलंट कधी बदललंत?"

"तुम्हाला काय करायचंय? फैसला झालाय ना."

"मी विचारतेय त्याचं उत्तर द्या."

"सकाळपासून दोघांनी फोन करून गाड्या दुसरीकडे नेतो म्हणून सांगितलं. एकाची गाडी तर त्याचा बाप जिवंत होता तेव्हापासून मी दुरुस्त करतोय. आणि तुम्ही मला विचारता, कधी बदललंत."

मार्गोने तऱ्हेतऱ्हेने विचारून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. डबे कुठून आणले? रोलीला विचारा, त्यानेच लडलोहून वाहून आणले, वाटभर कुरकुरत. नमुना ठेवलाय का? नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, नमुने चोर ठेवतात. शेवटी तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. मार्गो बाहेर पडली तेव्हा तिला स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. खरं बोलणारा माणूस इतका कडवट असेल तर त्याला वाचवायचं तरी कसं?

उरला रोली. तिशीचा भाचा, घरं विकण्याच्या धंद्यात. मावशीने आता मोटार चालवू नये हे त्याचं ठाम मत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. फुटली हे एका परीने बरंच झालं, असंही म्हणाला. मावशी इस्पितळात होती तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडे होती. दर शनिवार-रविवारी येऊन मांजरीला खायला घालत होता, सगळं ठीकठाक होतं.

"मोटारघरात गेला होतात?"

"थंडीत कोण मरायला जातं तिथे?"

त्याच्या नाकाची साल निघत होती. तीनदा त्याने ती बोलता बोलता खरवडली. मार्गोच्या मनात ते कुठेतरी टोचलं, पण तेवढ्यात हेड ऑफिसचा फोन वाजला. साहेबांना फाइल बंद हवी होती. मेकॅनिकचा हलगर्जीपणा म्हणा आणि मोकळ्या व्हा. तिने अजून एक दिवस मागितला. साहेबांनी असा उसासा सोडला की तिला फोन दरीत फेकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ऑगस्टाच्या शेजारी सतरंजी अंथरली आणि खाली शिरली. जाइल्सने रेडिएटर रिकामा केला होता, पण पाण्याच्या पंपाखाली नळीला एक बाक असतो. तिथे थोडंसं साचून राहतं. ते नळी सोडल्याशिवाय निघत नाही. मार्गोने ती सोडली. वाटीत चार-पाच चमचे लाल द्रव आला. त्यात गंजाचे बारीक तपकिरी कपचे तरंगत होते.

तिच्याजवळ कूलंट तपासायची छोटी दुर्बीण होती. थेंब टाकून उजेडात पाहिलं तर रेघ मापाच्या पार बाहेर. ते यंत्र पाणी मिसळलेल्या कूलंटसाठीच बनवलेलं होतं. मार्गोने त्याला, बनवणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्या स्वतःला शिव्या घातल्या. मग वाटी घेऊन सरळ हेस्टरबाईंच्या स्वयंपाकघरात गेली.

"एखादा जुना तवा द्या. पुन्हा वापरता येणार नाही."

"काय शिजवताय?"

"तुमच्या लेनची अब्रू."

खिडक्या सताड उघडून तिने तवा तापवला. आधी साध्या पाण्याचा थेंब टाकला. तो चर्र करून नाचला आणि उडून गेला. मग लाल द्रवाचा चमचा टाकला. तो पसरला आणि गप्प पडून राहिला. ना चरचर, ना बुडबुडा. तिने पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग उरलेल्यातला थोडा, त्यात मुद्दाम पाण्याचे दोन थेंब घालून. तव्यावर तडतडाट झाला.

हेस्टरबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे लेनने फसवलं नाही."

"नाही. औषध अस्सल आहे. पाण्याचा टिपूसही नाही."

"देवा. आणि मी रात्रभर त्याला शिव्या घातल्या." मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण मग गाडी फुटली कशी?"

मार्गोच्या रागाचं कारणच ते होतं. आत्तापर्यंत निदान एक खोटं उत्तर होतं, आता तेही गेलं. कुणी औषध काढून पाणी भरलं, थंडीत फुटू दिलं आणि पुन्हा औषध भरलं असेल? मग कानाकोपऱ्यात पाणी राहिलं असतं आणि तवा बोलला असता. घाव घालून फोडलं? घावाची खूण नव्हती. चीर आतून बाहेर फुगलेली होती, अस्सल थंडीची. जिथे गोठायला काही नव्हतं तिथे बर्फाने इंजिन फोडलं होतं.

ती परत मोटारघरात गेली आणि बॅटरी घेऊन त्या चिरेकडे पाहत बसली. पाय गारठून दगड झाले. चीर आतून तपकिरी होती, थेट तळापर्यंत. बीड नुकतं फुटलं तर कडा राखाडी, साखरेसारख्या दाणेदार दिसतात. आणि हे औषध तर गंज चढू देत नाही. तिने बॅटरी खाली ठेवली. स्वतःवरच तिला इतकी चीड आली की ती मोठ्याने हसली. कालपासून ती विचारत होती की या गाडीतलं हे इंजिन कसं फुटलं. प्रश्नच चुकीचा होता.

ती पुन्हा लेनकडे गेली. या वेळी तिने प्रश्न विचारला नाही. तव्याची हकिकत सांगितली आणि थांबली.

लेनने चिंधीने हात पुसले. "ते डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?"

"त्यांच्यासमोरच केलं."

"मग ठीक." त्याने चिंधी टाकली. "काय हवंय?"

"औषध घालण्याआधी तुम्ही इंजिन आतून धुतलंत. तेव्हा ब्लॉकमध्ये काही बदललंत का? असं काही, जे बाकीच्या कॉर्बिनमध्ये नसेल?"

"बाजूची तीन बुचं. मूळची लोखंडी गंजून पापड झाली होती. मी पितळी बसवली."

ऑगस्टाच्या फुटक्या ब्लॉकवरची बुचं मार्गोने तासाभरापूर्वीच पाहिली होती. तिन्ही लोखंडी, गंजून खडबडीत.

दुपारी ती सगळ्यांना घेऊन जाइल्सच्या शेडवर गेली. रोलीने मावशीला गाडीतून आणलं, लेन आपल्या व्हॅनमधून आला आणि लांबच उभा राहिला. जाइल्सची हिरवी कॉर्बिन वर्षभर रस्त्यावर आली नव्हती. क्लचचं काम चाललंय, ईस्टरच्या टेकडी-चढाईच्या शर्यतीपर्यंत होईल, असं तो सगळ्यांना सांगत असे. मार्गोने तुलनेसाठी एक धडकं इंजिन पाहायचंय म्हणून सकाळी फोन केला होता, तेव्हा त्याने गोड बोलून टाळलं. फार पसारा आहे, म्हणाला. आता दारात हेस्टरबाईच काठ्या टेकत उभ्या होत्या.

"माझी फुटकी पाहून झाली, जाइल्स. एकदा तुझी चांगली पाहू दे."

त्याला नाही म्हणता येईना. त्याने दार सरकवलं. छताला साखळीची पुली लटकत होती. पसारा काहीच नव्हता. हिरव्या गाडीचं बॉनेट मार्गोने स्वतः उघडलं. आत नव्या हिरव्या रंगाने न्हालेलं इंजिन होतं.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "रोली, एक विचारू? जानेवारीत इंग्लंडात उन्हाने नाक सोलतं का?"

रोली लाल झाला. मावशीकडे न बघता त्याने सांगितलं की तो मैत्रिणीबरोबर स्पेनला गेला होता. मांजरीकडे बघायचं जाइल्सनी आपणहून कबूल केलं होतं. किल्ली त्यांच्याकडेच होती. मावशी चिडेल म्हणून तो खोटं बोलला.

"मांजरीला मी नीट खायला घातलं," जाइल्स म्हणाला.

"त्याबद्दल शंका नाही," मार्गो म्हणाली. "मला छळत होतं ते दुसरंच. ऑगस्टाचं इंजिन थंडीने फुटलंय हे दिसत होतं. पण तिच्यातलं औषध गोठूच शकत नाही हेही तव्यावर दिसलं. दोन्ही खरं. मग एकच वाट उरते. फुटला तो ब्लॉक ऑगस्टाचा नाहीच. तो दुसऱ्या कुठल्या गाडीत, जुन्या कुठल्या हिवाळ्यात, साध्या पाण्याने फुटला. चिरेच्या तळाशी गंज बसलाय तो तेव्हाचा. कॉर्बिनच्या इंजिनाची खालची पेटी अॅल्युमिनियमची, इंजिनाचा नंबर त्यावर. वरचा बिडाचा ब्लॉक सुटा निघतो आणि त्यावर नंबर नसतो. पुली आणि थोडे दिवस मिळाले तर एकटा माणूस तो बदलू शकतो. पाठ मात्र धरते."

जाइल्सचा हात नकळत कमरेवर गेला.

"बाग खणत होतात म्हणालात. त्या आठवड्यात या गावात पहारसुद्धा जमिनीत शिरत नव्हती."

"हा काही पुरावा नाही," तो शांतपणे म्हणाला.

"नाही. पण आता बघा. हे सोंग कुणी रचलं असेल? लेनने? त्यानेच औषध घातलेलं. रोलीने? डबे त्यानेच वाहून आणलेले. ज्याला ठाऊक आहे की गाडीत पाणी नाही, तो पाणी गोठून फुटल्याचा देखावा कशाला करेल? हे ज्याला ठाऊक नव्हतं त्यानेच केलं. तुम्ही ते लाल कूलंट काढलंत, साधं अँटीफ्रीझ समजून जपून ठेवलंत आणि काम झाल्यावर परत ओतलंत, म्हणजे फरशीवर काहीतरी सांडलेलं दिसेल. मग कुणी त्याचं माप काढू नये म्हणून घाईने फेकून दिलंत. काल चहाच्या वेळी आधी हेस्टरबाईंच्या विसराळूपणावर पांघरूण घातलंत. त्यांनी पाणी नव्हतं म्हटल्यावर क्षणभर तुमची वाचा गेली, आणि तेच पांघरूण उचलून तुम्ही लेनच्या गळ्याला फास म्हणून आवळलंत."

तिने खिशातून नाणं काढलं आणि हिरव्या इंजिनाच्या बाजूच्या गोल बुचावर खरवडलं. रंगाची साल निघाली. खाली पितळ पिवळंधमक चमकलं. दुसरं खरवडलं, तिसरं खरवडलं.

लेनने पुढे येऊन वाकून पाहिलं. "माझी," एवढंच म्हणाला.

जाइल्स चाकाच्या मडगार्डवर बसला. एकदम दहा वर्षांनी म्हातारा दिसला. मग बोलू लागला तो हेस्टरबाईंकडे पाहून. ही गाडी त्याच्या वडिलांची. ऑब्री लॅकॉन, नव्वदी ओलांडलेले, वृद्धाश्रमात. तरुणपणी त्यांनी याच गाडीतून बर्चट टेकडीची चढाई जिंकली होती. गाडी मुलाच्या हाती देताना एकच सांगितलं होतं, थंडीत रात्री पाणी काढून टाकत जा. गेल्या हिवाळ्यात एकदा राहिलं. नवा ब्लॉक ओतून घ्यायला दीड वर्ष लागलं असतं, आणि ईस्टरला वडिलांना त्या टेकडीवर नेण्याचं त्याने वचन दिलं होतं. दीड वर्ष त्यांच्याजवळ नव्हतं.

"आणि तू आता चालवणार नव्हतीस, हेस्टर. ऑपरेशननंतर. मला वाटलं, विमा मिळेल, ती नुसती उभीच राहील. तुझं काही अडणार नाही."

"मला विचारलं का नाहीस?"

त्याने मडगार्डवरची धूळ बोटाने पुसली.

"मी सांगते. मी नाही म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं." हेस्टरबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "गाडीचं एक वेळ जाऊ दे. पण या लेनचं तू काय केलंस? काल माझ्या टेबलाशी बसून, माझाच केक खात."

पोलिसांत द्यायचं की नाही हे हेस्टरबाईंच्या हाती होतं. मार्गोचं मत विचारलं असतं तर तिने द्या म्हटलं असतं. पण बाईंनी विचारलं नाही. त्यांनी विम्याचा दावा मागे घेतला आणि जाइल्सला दोन अटी घातल्या. क्लबाच्या सभेत उभं राहून सगळं सांगायचं. आणि ब्लॉक स्वतःच्या हातांनी ऑगस्टात परत बसवायचा, लेनच्या देखरेखीखाली. साहेबांनी मार्गोला विचारलं की फाइलवर लिहायचं काय. ती म्हणाली, थंडीचं नुकसान नाही असं लिहा. दावाच मागे घेतलेला असल्याने यापेक्षा जास्त लिहायची तिला मुभा नव्हती, आणि ही गोष्ट तिला कितीतरी दिवस सलत राहिली.

सभेला लेन आला नाही. माझ्या पाठीमागे बोललात, आता तोंडावर या, असा त्याने निरोप धाडला. मग त्या आठवड्यात थॉर्नबॅचच्या गॅरेजात काहीही न बिघडलेल्या मोटारींची रांग लागली. मालक बॉनेट उघडून खाली मान घालून उभे राहत. लेन प्रत्येकाला शांतपणे विचारी, "हिला काय झालंय?" आणि उत्तर येईपर्यंत मुळीच मदत करत नसे.

ईस्टरला मार्गो बर्चट टेकडीवर गेली. कामासाठी नव्हे, शेवट पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना. ऑगस्टा पायथ्याशी धडधडत उभी होती. स्टिअरिंगवर लेन होता, मागे हेस्टरबाई. पुढच्या जागेवर घोंगडीत गुंडाळलेले ऑब्री लॅकॉन. त्यांना वर न्यायचं हे बाईंनीच ठरवलं होतं. जाइल्सला मात्र त्यांनी गाडीत जागा दिली नव्हती.

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. "ही हिरवी का नाही?"

जाइल्स दाराशी येऊन उभा राहिला.

"बाबा, ही हेस्टरची गाडी. आपली मी फोडली. पाणी काढायला विसरलो होतो."

"ठाऊक आहे," ऑब्री म्हणाले.

"कसं?"

"वर्षभर क्लचचं काम चालतं का कुठे? मला कोण फसवणार?" त्यांनी घोंगडी छातीशी ओढली. "फुटली तेव्हाच का नाही सांगितलंस, गाढवा? दोघं मिळून रडलो असतो."

लेनने जाइल्सकडे पाहिलं, मग मागे हेस्टरबाईंकडे. बाईंनी बराच वेळ टेकडीकडे नजर लावली आणि मग आपल्या काठ्या उचलून मांडीवर घेतल्या. मागच्या बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

"बस," त्या म्हणाल्या. "पण बोलू नकोस."